जुनी सेडान घरी आली, आता पहिला पैसा कुठे घालायचा?

२०२५ साली पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन धडकला. माझी गाडी तेव्हा घरी येऊन दोन महिने झाले होते. २०१७ ची मारुती सिआझ, पेट्रोल, जेमतेम ३४ हजार किलोमीटर चाललेली. सोसायटीतल्याच एका निवृत्त काकांची. किल्ली देताना ते म्हणाले होते, "टायर अजून नव्यासारखे आहेत हो, दोन-तीन वर्षं बघावं लागणार नाही." नक्षी खरोखरच खोल दिसत होती, म्हणून मीही पुढे काही बघितलं नाही. सीट कव्हर कुठलं घ्यायचं आणि मोठी स्क्रीन बसवायची का, हेच माझ्या डोक्यात होतं.

त्याच आठवड्यात एलबीएस मार्गावर कांजूरमार्गच्या अलीकडे सिग्नल पिवळा झाला. वेग तीसेकचाच असेल. ब्रेक दाबला तशी पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड सुरू झाली, आणि गाडी पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावरून घसरत थेट झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबली. एक बाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मुलाचा हात धरून रस्ता ओलांडायला निघाली होती. ती दोन पावलं मागे सरली म्हणून निभावलं.

घरी येऊन मोबाइलच्या टॉर्चने टायर बघितले. खाचांमध्ये रबर भरपूर होतं, पण नखाने दाबलं तर नख रुतेना. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अक्षरांच्या कडेने केसासारख्या बारीक भेगा होत्या. आणि एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते: ३८१७. म्हणजे २०१७ सालच्या ३८व्या आठवड्यात, सप्टेंबरात, बनलेला टायर. गाडीसोबत कारखान्यातून आलेलेच चारही टायर पावणेआठ वर्षं उन्हात उभे होते.

म्हणून वापरलेली सेडान नुकतीच घेतलेल्या, किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या प्रत्येकासाठी हे सविस्तर लिहितो आहे. गाडी रस्त्याला धरून ठेवणाऱ्या आणि तुम्हाला रस्ता दाखवणाऱ्या गोष्टी आधी, बाकी सगळं नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: एक सकाळ नुसती बघण्यात घाला

खर्च करण्याआधी सकाळच्या उजेडात गाडी कंपाउंडमध्ये मोकळ्या जागी उभी करा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. खरी झीज बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते. पाचही टायर बघायचे, डिकीतली स्टेपनीसुद्धा.

सगळ्यात आधी तारीख शोधा. टायरवर डी-ओ-टी ही तीन अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला हात घालून फोटो काढा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता यांनी त्याचा मऊपणा जातो. कोरड्या रस्त्यावर हे लवकर लक्षात येत नाही, पावसात मात्र कडक रबर रस्त्याच्या बारीक खरखरीत दाण्यांना धरू शकत नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यायला सांगतात, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षं ही कमाल मर्यादा धरतात. मुंबईत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी सहा वर्षं हीच हद्द मानतो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगले टायर, हा समज सोडून द्या. कमी चाललेल्या गाडीचेच टायर वयाने जास्त असतात, कारण ते झिजून बदलायची वेळच आलेली नसते.

मग नक्षीची खोली. नव्या टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर असतात. झीज तिथपर्यंत आली की टायर कायद्याने बाद. पण आपल्याकडे जुलैत रस्त्यावर जेवढं पाणी असतं ते बघता तिथपर्यंत थांबू नका. खाचांचं कामच मुळी टायरखालचं पाणी बाजूला काढून टाकणं. तीन मिलिमीटरच्या खाली ती ताकद झपाट्याने कमी होते आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. खोली मोजायचं साधं गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. प्रत्येक टायरवर आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा.

हे तीन आकडे गाडीच्या तब्येतीबद्दल पुष्कळ सांगतात. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे रबर शिल्लक असेल, तर गाडी कमी हवेवर चालली आहे. मधेच झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड, विशेषतः आतली, खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) गेलं आहे किंवा खाली काहीतरी वाकलं आहे. हात फिरवल्यावर कपच्या कपच्या निघाल्यासारखं, उंचसखल लागलं तर शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडलं आहे. साइडवॉलवर लिंबाएवढा जरी फुगा दिसला, तर आतले दोरे तुटलेले आहेत. त्या टायरला दुरुस्ती नाही, तो त्याच दिवशी उतरवायचा.

याच सकाळी पाच मिनिटांचं आणखी एक काम करा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग किंवा पाण्याची रेघ असेल, तर गाडी पुरात बुडून आलेली असू शकते. मग मॅट उचलून खालचा फोम आणि सीटच्या रेलचे बोल्ट बघा. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईत जुनी गाडी बघताना हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

दुसरी पायरी: टायर घेण्याआधी खालची दुरुस्ती

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि नवे टायर सहा महिन्यांत एका कडेने खाऊन टाकतात. झीज वेडीवाकडी असेल तर आधी भरवशाच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. चाकांना धरून ठेवणारे भाग, म्हणजे लोअर आर्मचे बुश (रबरी बैठका), बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, लिंक रॉड आणि व्हील बेअरिंग हाताने हलवून बघायला सांगा, आणि स्वतः शेजारी उभे राहून बघा. फाटलेलं बुश डोळ्यांना दिसतं, ढिला बॉल जॉइंट हाताला कळतो. शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल तर तो संपला. शॉकअप बदलायचेच झाले तर एकाच अॅक्सलवरचे दोन्ही एकत्र बदला.

क्रम असा: खालचं काम, मग टायर, मग अलाइनमेंट. उलट केलंत तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातील.

तिसरी पायरी: साइज ठरवणं

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरची साइज आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. वाचायला सोपं आहे. माझ्या गाडीला १८५/६५ आर१५ लागतात. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, इथे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. त्यापुढे ८८एच असं काही असतं. ८८ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. हे दोन्ही कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घ्यायचे नाहीत. दुकानदार "साहेब, चालतं" म्हणाला तरी नाही.

आता मोठ्या साइजचा मोह. सिआझच्याच सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर१६ येतात. दोन्हींचा पूर्ण व्यास काढून बघा. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५, त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिळवा: ६२१.५ मिलिमीटर. दुसऱ्याचा येतो ६२०.९. म्हणजे जवळपास सारखाच, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही. पण कुणी १५ इंचाच्या रिमवरच १९५/६५ बसवायला सांगितले, तर व्यास ६३४.५ होतो, दोन टक्क्यांहून जास्त. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा जोरात असेल. सी लिंकवर ८० ची मर्यादा आहे आणि दंड काटा बघून होत नाही. शिवाय व्यास वाढला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकतो. तोच १९५, पण ६० चा घेतला तर व्यास ६१५ येतो, एकच टक्का कमी. एवढा फरक चालून जातो.

सतरा इंची अलॉय आणि २०५/४५ टायर फोटोत फार छान दिसतात. पण तिथे साइडवॉल ९२ मिलिमीटरच उरते. १२० वरून ९२, म्हणजे खड्ड्याचा दणका सोसणारी जाडी जवळजवळ पाव भागाने गेली. मुंबईत पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि काँक्रीटच्या रस्त्याची कड व पेव्हर ब्लॉक जिथे भेटतात तिथे चार बोटांची पायरी पडलेली असते. त्या पायरीवर पातळ टायर चिमटला जातो, फुगा येतो, अलॉय वाकतं किंवा तडकतं. कंपनीने दिलेली साइज, किंवा त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटची साइज, याच्या पलीकडे जाऊ नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पंधरा इंची स्टीलचं रिम वाकलं तर ठोकून सरळ होतं, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी: कुठला टायर

टायरमध्ये सगळं एकदम मिळत नाही. खूप वर्षं टिकणारं कडक रबर ओल्यात थोडी पकड सोडतं. मऊ, पकड घेणारं रबर लवकर झिजतं. शांत चालणारा टायर सहसा महाग असतो. म्हणून आधी स्वतःला विचारा, गाडी चालते कुठे? रोज बोरिवलीहून बीकेसी, थांबत-चालत, वर्षाला दहा हजार किलोमीटर? मग तुमचे टायर झिजायच्या सुमारासच वयानेही जाणार आहेत, टिकाऊपणासाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. ओल्यातली पकड आणि आराम बघा. दर शनिवारी नाशिक किंवा कोल्हापूर गाठणाऱ्याने टिकाऊपणा आणि आवाज दोन्ही बघावेत.

आपल्याकडे एमआरएफ झेडव्हीटीव्ही आणि अपोलो अमेझर ४जी लाइफ हे टिकण्यासाठी लोक घेतात, मिशेलिन प्रायमसी ४ एसटी शांत चालीसाठी. सिएटचा कारखाना तर आमच्या भांडुपलाच आहे, त्यांचे सिक्युराड्राइव्हही सेडानच्या साइजमध्ये मिळतात. योकोहामा, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल, गुडइयर, जेके हेही आहेत. मी प्रायमसी घेतले, कारण माझं बहुतेक चालणं शहरातलं आणि पावसातलं. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टिकाऊपणाचा, आकडा दिसला तर एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो वापरा. तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखे मानू नका.

आयएसआयची खूण असलीच पाहिजे. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी कारला लावू नका. अपघातातल्या गाडीचे "फक्त पाच हजार चाललेले" टायरही नकोत. आतल्या दोऱ्यांना काय लागलं आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

चार एकदम बदलायला पैसे नसतील तर दोन बदला, पण ते मागे बसवा. बहुतेकांना हे उलटं वाटतं, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. पण विचार करा: पाण्यात पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ती परत पकड घेते. मागचे सुटले तर शेपूट फिरते, आणि फ्रीवेवर पावसात फिरलेली गाडी सरळ करणं सरावाच्या ड्रायव्हरलाही जमत नाही. म्हणून चांगली जोडी मागे, जुनी पण अजून ठीक असलेली जोडी पुढे. एका अॅक्सलवर दोन वेगळे टायर कधीच नाहीत.

पाचवी पायरी: दुकानात उभं राहून

नवे टायर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत आले, आधी २८ होता. मी जूनमध्ये घेतले तेव्हा जुनाच दर होता. तीन दुकानांना फोन करा आणि भाव विचारताना "फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह धरून किती?" असंच विचारा. जुन्या टायरचे किती देणार, तेही तेव्हाच ठरवा.

टायर समोर आले की बसवण्याआधी तारीख बघा. मी गेलो तेव्हा चारपैकी तीन त्याच वर्षीचे निघाले, चौथा दोन वर्षांपूर्वीचा. मालकाला म्हटलं, "दादा, हा बदलून द्या." तो म्हणाला, "माल तोच आहे, फरक पडत नाही." मी शांतपणे सांगितलं की मग थांबतो, उद्या येतो. पंधरा मिनिटांत पोऱ्या दुसऱ्या गोडाऊनमधून नवा घेऊन आला. सहा महिन्यांच्या आतले मिळाले तर उत्तम, वर्षापेक्षा जुने घेऊ नका.

बसवताना बघायच्या गोष्टी: काही टायरवर आतली आणि बाहेरची बाजू लिहिलेली असते, काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ते उलटे बसले तर पावसातली सगळी हुशारी वाया जाते. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू, तो व्हॉल्व्हजवळ आला की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. रबरी व्हॉल्व्ह चारही नवेच घाला, जुन्याने हवा सोडली तर पन्नास रुपयांसाठी नवा टायर कमी हवेवर चालतो. अलॉयवर चिकटवायची वजनं लावायला सांगा. आतल्या बाजूचं रिम आधी पुसलं नाही तर ती दोन दिवसांत गळून पडतात.

नट हवेच्या गनने धडाधड आवळतात, तिथे मात्र थांबवा. आधी हाताने, एकाआड एक, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर. अति आवळलेला नट पुढे रात्री हायवेवर स्टेपनी लावताना तुम्हाला सुटणार नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

अलाइनमेंटचा प्रिंट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा. आपल्याकडच्या बहुतेक सेडानमध्ये पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तेवढा सेट करता येतो. कॅम्बर (चाकाचा उभा कल) प्रिंटवर लाल दिसत असेल आणि पोऱ्या "हे असंच राहतं" म्हणत असेल, तर काहीतरी वाकलेलं आहे. दुसऱ्या पायरीकडे परत जा. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तो लागतो.

पुढचे काही दिवस आणि हवा

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातलं तेलकट आवरण असतं. पहिले दोनेकशे किलोमीटर, विशेषतः ओल्यात, सांभाळून चालवा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्टिकरवर दिलेली भरा. टायरवर लिहिलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि दाब दोन-तीन पीएसआय वाढलेला दिसतो, म्हणून घरी एक छोटा बारा व्होल्टचा पंप आणि गेज ठेवा. मुंबईकराने करायची ही पहिली खरी 'अपग्रेड'. दर रविवारी पाच मिनिटं. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो, खड्ड्यात लवकर चिमटतो आणि पेट्रोलही जास्त खातो. नायट्रोजन वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यासाठी लांब जायची गरज नाही. व्हॉल्व्हच्या टोपीवर बसणारी टायर प्रेशरची सेन्सर किट मिळते, तीही उपयोगी आहे.

पंक्चर झालं तर घाईत दोरी घालून घरी आणा, पण नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोक भरून आतून चिकटणारं ठिगळ) लावून घ्या. साइडवॉलला पंक्चर असेल तर टायर बाद. स्टेपनीत हवा स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, ती महिनोन्महिने कुणी बघत नाही.

टायरनंतर लगेच: ब्रेक, काच, दिवे

ब्रेक ऑइल आधी. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. पाणी मुरलेलं ऑइल कसारा किंवा खंबाटकी उतरताना तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. आधीच्या मालकाने कधी बदललं याची नोंद नसेल तर बदलूनच टाका, पुढे दर दोन वर्षांनी. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घ्या. त्याच वेळी पॅडची जाडी आणि डिस्कची कड बघून घ्या. मागे ड्रम असतील तर उघडून साफ करायला सांगा.

वायपर ब्लेड दर मेमध्ये नवे. काचेवर डिझेलच्या धुराचा तेलकट थर बसतो, त्यावर नवं रबरही चरचरतं, म्हणून काच आधी नीट धुवा. वायपरच्या खाली, बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत बदामाची, गुलमोहराची पानं साचतात. ती काढली नाहीत तर पाण्याची भोकं तुंबतात आणि एका सकाळी पायाखालचा गालिचा ओला सापडतो. मला तो सापडला होता.

हेडलाइटची काच प्लॅस्टिकची असते आणि उन्हाने पिवळी पडते. बारीक पॉलिश पेपर, मग कंपाउंड, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर. तो शेवटचा थर न लावणाऱ्याकडे काम देऊ नका, चार महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. बल्ब कंपनीच्या वॉटचाच घाला. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातली की प्रकाश पसरतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. उजेड कमी वाटत असेल तर हेडलाइटला रिलेचं, म्हणजे थेट बॅटरीवरून वीज देणारं, वेगळं वायरिंग करून घ्या. जुन्या वायरींत गळणारा व्होल्टेज बल्बपर्यंत पोचतो आणि तोच बल्ब उजळ दिसतो.

बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर लोड टेस्ट करा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर पावसाळ्याआधी बदलण्याची तयारी ठेवा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही.

मग हौसेचं

रिव्हर्स कॅमेरा आणि डॅशकॅम घ्या, पण वायर न कापता, गाडीच्या कनेक्टरला जुळणारे कपलर वापरून. डॅशकॅम कपॅसिटरचा असावा, उन्हात तापलेल्या काचेवर बॅटरीचा फुगतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसला सामान स्वस्त मिळतं. बसवणाऱ्याने दाखवलेलं वायरिंग समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण उघडी वायर आणि फ्यूज नसलेला अॅम्प्लिफायर आग लावतो.

सीट कव्हर घेताना सीटमध्ये साइड एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर तिथे शिवण उघडणारंच कव्हर हवं. मागच्या सीटबेल्टची बकलं कव्हरखाली गाडली जाऊ देऊ नका. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, आणि सक्ती नसती तरी बांधायलाच हवा. पेडलजवळ मॅटवर मॅट कधीही नाही.

समुद्राची खारी हवा दारांच्या खालच्या कडांना खाते. तिथली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. गंज आधी खरवडल्याशिवाय खाली कोटिंग मारू नका, आत गंज वाढतच राहतो. काळ्या काचा, बुलबार, आवाज करणारा सायलेन्सर यांत पैसे घालू नका.

विमा तुमच्या नावावर करून घेताना अलॉय किंवा म्युझिक सिस्टीम नंतर बसवली असेल तर कळवा, आणि इंजिनचं संरक्षण देणारी जोड, म्हणजे अॅड-ऑन, घ्या. अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. आत पाणी गेलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी ते पैसे देईलच असं नाही.

माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक कागद आहे: चारही टायरची तारीख, तीन-तीन ठिकाणची खोली, ब्रेक ऑइल कधी बदललं, बॅटरी कधीची. ऑक्टोबरात पाऊस सरला की टायर पुढचे मागे करतो, अलाइनमेंट करतो आणि नवे आकडे त्याच कागदावर खाली लिहितो.